मास्तर आणि मिस्त्री

बेगडेवाडीत मला सगळे 'मास्तर' म्हणतात. माझे नाव येथे फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून देण्याची गरज मलाही कधी भासली नाही. देहूरोड सोडले आणि घोरावाडी यायची असली, की मध्ये लोकल क्षणभर दम खाल्ल्यासारखी थांबते, ते आमचे स्टेशन. निवृत्तीनंतर येथे लहानसे घर बांधले. समोर घोरवडेश्वराचा डोंगर, पाठीमागे रूळ. पुण्याच्या बाजूने शहर पुढे सरकत येत आहे. पण अजून सकाळी उठल्यावर डोंगर दिसतो, एवढ्यावर मी समाधानी आहे. दुकानदार, रिक्षावाला, दूध घालणारी बाई, सारी 'मास्तर' म्हणतात, आणि त्या हाकेत एक अदब असते. छत्तीस वर्षे शाळेत काढली त्याचे ते निवृत्तिवेतनाखेरीजचे वेतन, असे मी मानत आलो.

गेल्या वर्षी घरावर एक खोली चढवायला काढली. जो मिस्त्री खालचे घर बांधून गेला होता त्यालाच बोलावले. पवन मावळातला माणूस, माझ्याहून दोनच वर्षांनी धाकटा. मी त्याला 'मिस्त्री' म्हणे, तोही मला 'मास्तर' म्हणे. फरक एवढाच, की तो मला 'तुमी' म्हणे आणि मी त्याला 'तू'. हा फरक तेव्हा माझ्या ध्यानातही आला नव्हता. माणसाला आपल्या पायातला जोडा दिसतो. आपल्या भाषेतला दिसत नाही.

तो दाखवून दिला माझ्या नातीने. ती पुण्याला स्पॅनिश शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ येथे राहायला आली होती. एकदा दुपारी चहाच्या वेळी तिने वहीतून मान वर केली आणि म्हणाली, "आजोबा, 'माएस्त्रो' म्हणजे काय, सांगा."

"गवयाला म्हणतात," मी म्हणालो. "मोठ्या वाद्यवृंदाच्या पुढे काठी घेऊन उभा राहतो, तो."

"तोही. पण प्राथमिक शाळेतला शिक्षकसुद्धा माएस्त्रो. बांधकामावरचा मुख्य गवंडीही माएस्त्रोच. बैलाशी झुंजणाऱ्या नामांकित वीराला हाक मारायची तीही माएस्त्रो. मेक्सिकोत कॉलेजातल्या प्राध्यापकाला आणि नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला एकाच शब्दाने बोलावतात. आणि चिलीमध्ये घरातले सगळे किरकोळ मोडके-तोडके जमेल तसे जोडून देणारा जो असतो ना, तो 'माएस्त्रो चास्कीया'."

मी हसलो. वर मिस्त्री विटा भिजवीत होता. पाण्याचा आवाज ऐकू येत होता. ती सहज बोलून गेली, "म्हणजे स्पेनमध्ये तुम्ही आणि ते एकच."

शब्दांचे मूळ शोधण्याचा नाद मला जुना आहे. त्या रात्री पुस्तके काढून बसलो. 'माएस्त्रो' हा लॅटिन 'मागिस्तेर'चा वंशज. 'मागिस' म्हणजे अधिक. ज्याच्याजवळ इतरांपेक्षा काही अधिक आहे तो मागिस्तेर. (त्याचा जोडीदार शब्द 'मिनिस्तेर', तो 'मिनुस' म्हणजे उणे यावरून आला, त्याचा अर्थ सेवक. त्यापासून पुढे इंग्रजांनी मिनिस्टर केला. उण्याचे अधिक कसे होते, ते आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतोच.) हाच मागिस्तेर पोर्तुगीजांच्या तोंडी 'मेश्त्र' झाला, गलबतात बसून आपल्या किनाऱ्याला लागला, आणि मराठीत त्याचा 'मेस्त्री', 'मिस्त्री' झाला. गोव्यातील आसगावचे मोन्सिन्योर दालगादो यांनी आशियातील भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश 1913 साली कोइंब्रा येथे प्रसिद्ध केला. अशा सगळ्या प्रवाशांची ती जणू उतारूंची यादीच. मिस्त्रीचा सारा संसार त्याच जहाजातून उतरला आहे. त्याचे घमेले पोर्तुगीज, त्याची बालदी पोर्तुगीज, शनिवारी हातावर पडतो तो पगार पोर्तुगीज, आणि त्या पगारातून विकत घेतलेला पावही पोर्तुगीजच.

तोच मागिस्तेर दुसऱ्या वाटेने इंग्रजीत गेला, तेथे मास्टर झाला, आणि दोन-अडीचशे वर्षांनी दुसऱ्या जहाजातून मुंबईला उतरला. त्याचा आपण 'मास्तर' केला. एकाच आईची दोन मुले, वेगवेगळ्या गलबतांतून आलेली. एक समुद्रावरून उतरला तो थेट परातीवर गेला, दुसरा खुर्चीवर.

गोव्यात ही भावंडे अजून जवळ राहतात. तेथे सुताराला मेस्त म्हणतात, आणि चर्चच्या शाळेत मुलांना स्वर शिकवून व्हायोलिन हाती देणारा तोही मेश्त्रच. आपल्याकडेही 'मास्तर'ने पुष्कळ घरे केली आहेत. पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, कपडे बेतणारा टेलरमास्तर, लग्नातला बँडमास्तर. एस.टी.तल्या कंडक्टरला 'मास्तर' म्हणतात, तेव्हा तर मला फार गंमत वाटते. कारण वाद्यवृंदाचा कंडक्टर तिकडे माएस्त्रो, आणि घंटीच्या दोरीवर गाडी थांबवणारा-सोडणारा आमचा कंडक्टर इकडे मास्तर. नाटक कंपन्यांनी गाणाऱ्या नटांना हीच पदवी दिली. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव ही नावे आजही त्या उपपदावाचून पुरी वाटत नाहीत. पण एवढ्या ठिकाणी हिंडूनही हा शब्द बांधकामाच्या परातीवर कधी चढला नाही. ती जागा भावाला दिलेली होती.

हे सारे मौजेचे म्हणून मी दिवाळी अंकासाठी लिहून ठेवले असते, आणि वाचकांनी फराळाबरोबर वाचून सोडून दिले असते. पण त्याच सुट्टीत एक गोष्ट घडली, आणि मौज राहिली नाही.

माझा नातू बारावीची परीक्षा देऊन आला होता. रिकामा बसून कंटाळला म्हणून तो मिस्त्रीबरोबर वर जाऊ लागला. आधी विटा देई. मग माल कालवू लागला. पंधरा दिवसांनी मिस्त्रीने त्याच्या हातात करणी आणि ओळंबा दिला. तो संध्याकाळी खाली येई तेव्हा त्याच्या केसांत सिमेंट असे आणि तोंडावर एक शांतपणा असे, जो मी त्याच्या तोंडावर पुस्तक पुढे असताना कधी पाहिला नव्हता. जूनच्या आरंभी, जेवायच्या आधी, तो म्हणाला, "आजोबा, मला इंजिनियरिंगला जायचं नाही. मला हे काम शिकायचं आहे. नीट शिकायचं आहे."

मी म्हणालो, "मिस्त्री होणार?"

दोनच शब्द. पण ते मी ज्या सुरात उच्चारले तो सूर, वाचकहो, लिहून दाखवता येत नाही, आणि तुम्हांला समजावून सांगावाही लागणार नाही. ज्याला उद्देशून ते नव्हते तो मिस्त्री मोरीशी बसून करणी धूत होता. त्याने सगळे ऐकले. त्याने करणी पुसली, पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, पोरगं हाताचं चांगलं हाय. पन तुमचं बी खरं हाय. मी माझ्या पोराला ह्यात न्हाई घातला." आणि तो आपल्या वाटेने स्टेशनाकडे गेला.

त्याचा मुलगा चाकणला एका गोदामात खोकी मोजतो. त्याला जे मिळते त्यापेक्षा बापाची कमाई जास्त आहे, हे बापानेच मला एकदा हसत सांगितले होते. तरी मुलाच्या गळ्यात ओळखपत्र आहे, त्याच्या अंगावर धूळ नाही, आणि त्याच्या लग्नाच्या वेळी 'कंपनीत आहे' असे सांगता येते. तेव्हा हा केवळ माझ्या एकट्याच्या मनाचा कोतेपणा होता, असे म्हणून मला स्वतःला शिक्षा करून मोकळे होता येईना. ज्याला मी हिणवले होते त्यानेच माझ्या बाजूने साक्ष दिली होती. आणि ती साक्ष खोटी नव्हती. परातीवरून पडलेल्या माणसाला कोणी निवृत्तिवेतन देत नाही. सिमेंटने त्याच्या बोटांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. श्रमांची थोरवी गाणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्लॅबवर अनवाणी उभे राहावे.

पण माझ्या त्या दोन शब्दांत ही काळजी होती का? मी पुष्कळ चाचपून पाहिले. काळजी होती, पण ती नंतर आली. आधी आला तो सूर. आणि तो सूर शाळेतच तयार झाला होता. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली, झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. ह्या सगळ्यांवर मी शिक्षकदिनाला भाषणे केली आहेत. आणि वेळापत्रकात कार्यानुभवाचा जो तास असे तो, 'पोर्शन' राहिला म्हणून, मी दर वर्षी गणिताला घेत असे. एकाही मुलाने तक्रार केली नाही, पालकांनी तर आभारच मानले. छत्तीस वर्षांत हाताचा तास किती वेळा कापून डोक्याला दिला, त्याचा हिशेब माझ्याजवळ नाही.

कोणी म्हणेल, हे आपल्या जातिव्यवस्थेचे पाप. ते आहेच. आपल्याकडे धंद्याचे नाव घेतले की त्यामागून जन्माचे नाव येते. सुतार हा शब्द पाहा: तो 'सूत्रधार'पासून आला, सूत धरणारा तो सूत्रधार. पण नाटकाच्या आरंभी जो येतो तो सूत्रधारच राहिला, आणि लाकडावर सूत मारणारा झिजत झिजत सुतार झाला, आणि मग जात झाला. तिकडे दक्षिणेत सुतार-सोनारांना आचारी म्हणतात. तो शब्द आचार्यांचा. म्हणजे आपल्या शब्दांनाही केव्हातरी ही दोन माणसे एक वाटत होती.

परंतु मला विचारात पाडले ते दुसऱ्याच गोष्टीने. मिस्त्री हा जन्माने होता येत नाही. ज्याच्या हातात काम बसले तो मिस्त्री, मग तो कोणाचा का असेना. सुताराच्या पोटी जन्मून सुतार होता येते. मिस्त्री व्हायला शिकावेच लागते. मास्तराचेही तसेच. आधी गावात पंतोजी असत, ते कोणत्या घरातले हे सांगायला नको. 'मास्तर' हा शब्द सरकारी शाळांबरोबर आला आणि हळूहळू कोणाही घरातला शिकलेला माणूस मास्तर होऊ लागला. परदेशातून आलेल्या या दोन्ही भावांनी आपल्याला जन्मापासून सोडवणारी एक एक किल्ली आणली होती. आपण किल्ल्या घेतल्या, दारे उघडली, आणि आत जाऊन दोघांच्यामध्ये नवी भिंत घातली.

एका माणसाने ती घातली नाही. जोतीराव फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण शिकवतो. तेच जोतीराव बांधकामाचे कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर होते, हे आपण एका ओळीत उरकतो. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. मास्तर आणि मिस्त्री असे दोन्ही अर्थ ज्याला एकदम लागू पडावेत असा माणूस आपल्या पुण्यात होऊन गेला.

नातीला मी विचारले, "मग तुझ्या स्पेनमध्ये तरी ही भिंत नव्हती ना? तेथे तर शब्द एकच." तिने शोधून काढले आणि जरा हिरमुसून सांगितले. होती. कातडी कमावणारा, लोहार, शिंपी, चांभार, सुतार यांचे धंदे प्रतिष्ठित आहेत आणि ते केल्याने कोणाच्या कुळाला बट्टा लागत नाही, असे तेथल्या तिसऱ्या कार्लोस राजाला 1783 साली फर्मान काढून सांगावे लागले. जे सगळ्यांना मान्य असते त्यासाठी फर्मान लागत नाही. आणि उलट, तेथे उपाशी माणसाचे वर्णन करताना 'शाळामास्तरापेक्षाही भुकेला' असे म्हणण्याची रीत होती. म्हणजे शब्द एक असला तरी शिडी असतेच. फक्त कोणत्या पायरीवर कोण, हे देशोदेशी बदलते. स्पेनमधल्या त्या भुकेल्या मास्तराची गोष्ट ऐकून मला उगाचच बरे वाटले. हेही कबूल केलेले बरे.

मग 'अधिक' म्हणजे काय अधिक? मागिस्तेरजवळ इतरांहून जे जास्त असते ते नेमके कोणते? मध्ययुगीन युरोपात गवंड्यांचे संघ होते. उमेदवारी करायची, मग कामगार व्हायचे, मग पसंतीस उतरेल असे एक काम करून दाखवायचे आणि मागिस्तेर व्हायचे. विद्यापीठे निघाली ती ह्याच नमुन्यावर. 'उनिवेर्सितास' या शब्दाचा अर्थच मुळी संघ. आजची एम. ए. ही पदवी म्हणजे त्या संघातला मागिस्तेर. माझ्या भिंतीवर चौकटीत लटकते आहे ते मिस्त्रीपणाचेच प्रमाणपत्र. फक्त गवंड्याला भिंत उभी करून दाखवावी लागे, आणि मला तीन तास लिहावे लागले.

वरच्या खोलीच्या जिन्यासाठी स्वयंपाकघरातली भिंत काढून टाकावी, असे मी कागदावर आखून मिस्त्रीला दिले होते. तो म्हणाला, "ही न्हाई काढता येनार. ही वजनाची भिंत." मी वाद घातला. मापे दाखवली, एक पुस्तकही दाखवले. त्याने वाद घातला नाही. त्याने ओळंबा सोडला, वरची तुळई कोठे बसते ते बोटाने दाखवले, आणि विडी पेटवली. ओळंब्यापुढे मी काय बोलणार? स्पॅनिशमध्ये अशा भिंतीला 'पारेद माएस्त्रा' म्हणतात, सगळ्या घराचा भार पेलते म्हणून ती भिंतही माएस्त्रा. नातीने हे सांगितले तेव्हा मिस्त्री खळखळून हसला. "म्हंजी मास्तरीण की!" म्हणाला.

त्याचे चुकले असते तर ओळंब्याने तेव्हाच सांगितले असते. माझ्या हातून कोणत्या मुलाची भिंत तिरकी उठली, हे मला कोणी सांगितले नाही. ती मुले कोठेतरी संसार करीत असतील. रस्त्यात भेटली तर वाकून नमस्कार करतात.

आमच्या या रेल्वेच्या वाटेवर, म्हणजे मावळात, दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरणाऱ्यांनी आणि दान देणाऱ्यांनी आपली ओळख धंद्याने लिहून ठेवली आहे. आमच्याच डोंगरातल्या शेलारवाडीच्या लेण्यात एका नांगरकरी कुटुंबिकाच्या पत्नीचे दान आहे. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीचा, म्हणजे सुताराचा, लेख आहे. वेणुवासाचा मुलगा सामी याने दार केले, असे तो सांगतो. इतर पुष्कळांनी 'दिले' म्हणून लिहिले आहे. याने 'केले' म्हणून. पण मला सर्वांत आठवते ते राजमाचीखालचे कोंडाणे. गुडघे शाबूत होते तेव्हा मुलांना घेऊन गेलो होतो. तेथे दर्शनी भागात एक भंगलेले शिर आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मीतली एकच ओळ: कण्हाचा अंतेवासी बलक याने केले. अंतेवासी म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा. उपनिषदांत विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला हाच शब्द आहे. छिन्नी चालवणाऱ्या बलकाला दुसरा, हलका शब्द शोधावासा वाटला नाही. आणि आपल्या नावाच्या आधी त्याने आपल्या गुरूचे नाव कोरले.

हे आठवले आणि ध्यानात आले, की दोन बांधकामे झाली, तरी मिस्त्रीचे नाव मी विचारलेले नाही. दुसऱ्या दिवशी विचारले. त्यांनी सांगितले. मी म्हणालो, खोलीच्या उंबऱ्यावर कोरू या. ते म्हणाले, "नको नको. गळाया लागलं की लोक नाव घेऊन शिव्या घालत्यात." आणि अंकात छापू का, तर तेही नको म्हणाले. म्हणून येथे दिलेले नाही. पण त्या दिवसापासून मी 'तुम्ही' म्हणू लागलो. पहिले काही दिवस त्यांनाच अवघडल्यासारखे झाले. एकदा तर त्यांनी विचारले, "मास्तर, काय राग आलाय का?"

खोली दसऱ्याच्या आत पुरी व्हायची होती, झाली नाही. खंडेनवमीला मिस्त्रींनी वरच मांडामांड केली. करणी, थापी, ओळंबा, गुण्या, सगळे धुऊन हळदकुंकू लावले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी खाली पाटीवर सरस्वती काढली. हा आमच्या घरचा रिवाज आहे. नातू जिना चढून वर गेला आणि मिस्त्रींनी त्याला दिलेली जुनी करणी घेऊन खाली आला. ती त्याने पाटीशेजारी ठेवली. मी काही बोललो नाही. झेंडूची दोन फुले होती, त्यांतले एक तिच्यावर ठेवले.

मुलाने हट्ट सोडलेला नाही, त्याच्या बापाने होकार दिलेला नाही. घरात फोनवर बोलणी होतात, ती माझ्या समोर होत नाहीत. मी नातवाच्या बाजूचा आहे असे त्याच्या बापाला वाटते, आणि मी कोणत्या बाजूचा आहे हे नातवाला अजून नीट समजलेले नाही. लक्ष्मीपूजनाला सगळे येथे येणार आहेत. मिस्त्रींनाही घरच्यांसह फराळाला बोलावले आहे. ते म्हणाले, "येतो, पन आदी गच्चीची परात काढून घेतो."